न्यू जर्सीत मुलाचा खर्च मागताना: अर्जापासून खात्यात पैसे येईपर्यंत

नवऱ्याचं घर सोडल्यावर मी सात महिने वाट पाहत बसले. तो "देतो गं, देतो" म्हणायचा आणि अधूनमधून शंभर-दोनशे डॉलर पाठवायचाही. पुढे केस केली, ऑर्डर निघाली, पण त्या सात महिन्यांचं काही हाती लागलं नाही. न्यू जर्सीत मुलाच्या खर्चाचा मीटर साधारणपणे कोर्टात केस दाखल झाल्याच्या तारखेपासून सुरू होतो. त्याआधी तुम्ही एकटीने काय काय निभावलंत, ते त्या मीटरवर दिसत नाही. खालचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ती तारीख तेवढी लांबवू नका.

त्यानंतर ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या कितीतरी जणींबरोबर मी न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात जाऊन बसले आहे. मी वकील नाही. रांगेत उभं राहून जे शिकले ते लिहिते आहे. यातले बारकावे न्यू जर्सीचे आहेत, पण सांगाडा सगळ्या अमेरिकेत सारखाच आहे. १९७५ साली सोशल सिक्युरिटी कायद्यात 'फोर-डी' नावाचा भाग घातला गेला आणि तेव्हापासून प्रत्येक राज्याला मुलांच्या खर्चाची वसुली करणारी यंत्रणा ठेवावी लागते. टेक्सासमध्ये हे काम ॲटर्नी जनरलचं ऑफिस करतं. आपल्याकडे ते मानवसेवा खातं, काउंटीचं सोशल सर्व्हिसेसचं ऑफिस, फॅमिली कोर्ट आणि प्रोबेशन अशा चौघांत वाटलेलं आहे, त्यामुळे नवखी बाई गोंधळते. लेखात मी देणाऱ्याला 'तो' म्हणते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी बायकाच असतात. कायद्याला मात्र आई-बाप सारखेच. मूल बापाजवळ असेल तर हाच अर्ज बाप करतो आणि पैसे आई भरते.

आधी डोक्यातली पोटगी बाजूला ठेवा

आपल्याकडे पोटगी म्हटलं की नवऱ्याने टाकलेली बायको डोळ्यांसमोर येते. तिच्या हातात काय पडायचं आणि मुलाच्या वाट्याला काय यायचं, हे आपण एकाच शब्दात गुंडाळतो. इथे बायकोचा खर्च म्हणजे ॲलिमनी, तो वेगळा. मुलाचा खर्च म्हणजे चाइल्ड सपोर्ट, आणि तो मुलाचा हक्क आहे. तो आईने माफ केला, भावाने "जाऊ दे, आपण बघून घेऊ" म्हटलं, तरी संपत नाही.

घटस्फोट झालेला नसला तरी चाइल्ड सपोर्ट मागता येतो. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण एका ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी मला "आधी डिव्होर्स फाइल करा" म्हणून परत पाठवलं होतं आणि मी मान डोलावून घरी आले होते. न्यू जर्सीच्या फॅमिली कोर्टात घटस्फोटाच्या केसच्या नंबराची सुरुवात 'एफएम' अशी असते, तर घटस्फोटाविना केलेल्या खर्चाच्या किंवा ताब्याच्या केसची 'एफडी' अशी. नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई 'एफडी'खाली खर्च मागू शकते. एच-फोरवर (एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असणाऱ्यांना हा फरक पक्का माहीत हवा. घटस्फोटाचा हुकूम झाला की नवऱ्याच्या एच-वनवर टेकलेला तुमचा एच-फोर जातो. खर्चाच्या ऑर्डरने तो जात नाही. व्हिसाचं पुढचं गणित इमिग्रेशनच्या वकिलाकडूनच समजून घ्या, पण त्या भीतीने मुलाचा खर्च अडवून ठेवू नका.

खर्च मागायला ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व लागत नाही. ही सरकारी मदतही नव्हे. पैसे बापाचे असतात, सरकार फक्त वसूल करून देतं. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी "सरकारवर भार झाली" असा शिक्का यामुळे बसत नाही.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करा: एजन्सीचे, म्हणजे वसुलीची ही यंत्रणा चालवणाऱ्या सरकारी ऑफिसांचे, लोक तुमचे वकील नसतात. ते राज्याच्या वतीने काम करतात. त्यांच्या कामात बापाचा पत्ता शोधणं, पितृत्व ठरवणं, खर्चाची आणि आरोग्यविम्याची ऑर्डर मिळवणं, वसुली करणं आणि ऑर्डरचा फेरविचार करणं एवढंच येतं. मूल कुणाकडे राहणार, शनिवार-रविवार कुणाचा, घर कुणाचं, दागिने कुणाकडे, यातलं काहीही त्यांच्या टेबलावर येत नाही.

घरात मारहाण, धमक्या असतील तर क्रम बदलतो. अर्ज भरण्याआधीच तसं सांगा. तुमचा पत्ता त्याच्यापर्यंत जाऊ नये अशी खूण केसवर करता येते, आणि राज्याची पत्ता गुप्त ठेवण्याची वेगळी योजनाही आहे. संरक्षणाच्या आदेशासाठी कोर्टात गेलात तर त्याच आदेशात न्यायाधीश मुलाचा खर्चही ठरवू शकतात. देशभर चालणारी मदतवाहिनी १-८००-७९९-७२३३. न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठी 'मानवी' ही संस्था १९८५ पासून काम करते. तिथे आपली घरं कशी असतात हे पहिल्यापासून समजावून सांगत बसावं लागत नाही.

अर्जाच्या आधीची दोन संध्याकाळ

अर्ज भरायला तासभर लागतो. तो धडपणे भरण्याइतकी माहिती जमवायला दोन संध्याकाळ द्या. तुमची केस आठवड्यांत पुढे सरकेल की महिनोन्‌महिने लोंबकळेल, हे बरंचसं इथेच ठरतं.

तुमच्या बाजूचे कागद सोपे आहेत: ओळखपत्र, मुलाचा जन्मदाखला, लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, आधी कुठली कोर्टाची ऑर्डर असेल तर तिची प्रत. मूल भारतात जन्मलेलं असेल आणि दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि भाषांतर करणाऱ्याची सही-शपथ खाली असू द्या. मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर असला तर द्या. एच-फोरवरच्या मुलाला तो नसतो, तसं लिहा आणि पुढे चला.

खरी मेहनत त्याच्या माहितीची. त्याचं पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा. आपली नावं इथे फार घोळ घालतात: मधलं नाव वडिलांचं, आडनाव कधी पुढे कधी मागे, पगाराच्या कागदावर तिसरंच. सगळी रूपं नोंदवा. जन्मतारीख लिहा. सोशल सिक्युरिटी नंबर जुन्या टॅक्स रिटर्नवर सापडतो. दोघांनी मिळून रिटर्न भरलं असेल तर त्याची प्रत तुम्हालाही आयआरएसकडून (अमेरिकेच्या करखात्याकडून) मागवता येते. मालकाचं नाव लिहिताना जपा. तो रोज ज्या बँकेच्या इमारतीत जातो ती बँक त्याची मालक असेलच असं नाही. आपली निम्मी मंडळी कन्सल्टिंग कंपनीच्या पगारावर असतात आणि काम दुसरीकडे करतात. पगार कापण्याची नोटीस पगार देणाऱ्याला जायला हवी, म्हणून डब्ल्यू-टूवर (मालक वर्षाला देतो त्या पगाराच्या दाखल्यावर) ज्या कंपनीचं नाव आहे तेच लिहा. शिवाय गाडीचा नंबर, ड्रायव्हिंग लायसन्स, बँकांची नावं, फोर-ओ-वन-के (निवृत्तीसाठीचं बचत खातं) कुठे आहे, कंपनीचे शेअर मिळतात का, पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याने दिलेला फ्लॅट आहे का, हेही लिहून काढा. एजन्सीकडे शोधण्याची मोठी यंत्रणा आहे, पण तिला पहिला धागा तुम्हीच द्यायचा असतो.

त्याचा पत्ताच माहीत नसेल तरी अर्ज करा. प्रत्येक मालकाला नवा माणूस कामावर घेतल्यापासून २० दिवसांत राज्याला कळवावं लागतं, आणि ती नोंद देशपातळीवरच्या यादीत जाते. तो गुपचूप टेक्सासला किंवा नॉर्थ कॅरोलायनाला नोकरीला लागला तरी त्या यादीत उगवतो.

शेवटचा कागद म्हणजे तुमच्या खर्चाची वही. डे-केअरच्या पावत्या, मुलाच्या विम्याचा हप्ता, औषधं. त्याने आजवर पाठवलेल्या पैशांची तारखेवार यादीही करा, आणि ती प्रामाणिक ठेवा. तो स्क्रीनशॉट घेऊन येणारच आहे.

अर्ज, समन्स, हिअरिंग

अर्ज राज्याच्या चाइल्ड सपोर्टच्या वेबसाइटवर भरता येतो किंवा काउंटीच्या ऑफिसात जाऊन. फी ६ डॉलर. पुढे वर्षभरात किमान ५५० डॉलर वसूल झाले की केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे वर्षाला ३५ डॉलर सेवाशुल्क लागतं. तुम्ही रोख सरकारी मदतीवर असाल तर फी नसते, पण खर्च मागण्याचा हक्क तुम्ही राज्याकडे सोपवलेला असतो आणि वसुलीतला काही वाटा राज्य घेतं.

अर्जाबरोबर एक गोपनीय माहितीपत्रक भरावं लागतं. दोघांचे नंबर, लायसन्स, गाड्या, विमा, सगळं त्यात जातं. ते समोरच्याला दाखवत नाहीत. अर्ज पाठवला म्हणजे केस दाखल झाली असं धरून चालू नका. काही दिवसांनी फोन करा आणि एफडी नंबर पडला का, कोणत्या तारखेला, हे विचारून लिहून ठेवा. त्याशिवाय 'सीएस'ने सुरू होणारा वसुलीचा नंबरही मिळतो. एक नंबर कोर्टाचा, दुसरा पैशांचा. फोनवर कुणी कुठला मागेल याचा नेम नसतो, दोन्ही पाकिटात ठेवा.

मूल लग्नातलं असेल तर नवरा हाच बाप असं कायदा धरून चालतो. लग्न झालेलं नसेल तर पितृत्वाच्या दाखल्यावर दोघांच्या सह्या लागतात, आणि त्याने नाकारलं तर डीएनए चाचणी होते. गालाच्या आतून कापसाने नमुना घेतात, संपलं.

मग त्याला समन्स जातं. इथून घरचे फोन सुरू होतात. "कोर्टात कशाला गेलीस, आपसात मिटवलं असतं" हे वाक्य तुम्हाला सांगलीपासून सनीव्हेलपर्यंत सगळीकडून ऐकू येईल. आपसात मिटवायला हरकत काहीच नाही, फक्त मिटवलेलं कोर्टाच्या ऑर्डरीत उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवरच्या कबुलीवर कुणाचाही पगार कापला जात नाही.

हिअरिंगला बहुतेकदा न्यायाधीशांच्या आधी हिअरिंग ऑफिसर बसतात. ते दोघांचे आकडे बघून शिफारस करतात आणि न्यायाधीश सही करतात. शिफारस पटली नाही तर तिथेच सांगा. न्यायाधीशांपुढे नव्याने मांडण्याचा हक्क दोघांनाही आहे, पण "ठीक आहे" म्हणून घरी आलात की तो गेला. दुभाषा कोर्ट फुकट देतं. मागताना 'मराठी' असंच सांगा. 'इंडियन' म्हटलंत तर हिंदी किंवा गुजराती बोलणारा माणूस समोर येईल आणि तुम्ही संकोचाने कामचलाऊ हिंदीत उत्तरं द्याल. इंग्रजी येत असलं तरी मी दुभाषा घ्या म्हणते. पैशांच्या आणि तारखांच्या प्रश्नांना घाबरलेल्या डोक्याने परभाषेत उत्तर देणं बरं नव्हे.

सोबत न्या: शेवटच्या तीन पे-स्टब, डब्ल्यू-टू, टॅक्स रिटर्न, डे-केअर आणि विम्याच्या पावत्या. एच-फोरवर असून कामाची परवानगी नसेल तर त्याचा कागदही न्या. जो कमवू शकतो पण कमवत नाही त्याचं उत्पन्न कोर्ट अंदाजाने धरू शकतं. तुम्ही इंजिनियर आहात एवढंच ऐकून तुमच्या नावावर पगार लागायला नको. हाच नियम त्यालाही आहे. नोटीस मिळाल्यावर मुद्दाम नोकरी सोडणाऱ्याचा पगार कागदावर तसाच चालू राहू शकतो.

आकडा कुठून येतो

टेक्सासमध्ये देणाऱ्याचं निव्वळ उत्पन्न घेतात, एका मुलाला २० टक्के, दोघांना २५ टक्के, वर एक मर्यादा, झालं. न्यू जर्सी दोघांचंही उत्पन्न मोजते. विचार असा की आई-बाप एकत्र राहिले असते तर त्या कमाईत मुलावर किती खर्च झाला असता, तेवढा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटायचा. समजा कर जाऊन आठवड्याला तुमचे ७०० उरतात आणि त्याचे १,४००. एकूण २,१००, त्यात तुमचा वाटा एक तृतीयांश. कोर्टाच्या ठरलेल्या तक्त्याने मुलाचा खर्च आठवड्याला ३०० धरला असं मानू (हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे), तर त्याने २०० द्यायचे. तुमचे १०० तुम्ही घरात खर्च करताच, ते कुणी मागत नाही. डे-केअर आणि मुलाच्या विम्याचा हप्ता यावर मिळवतात. औषधपाण्याचे मुलामागे वर्षाला पहिले २५० डॉलर तक्त्यातच धरलेले असतात. त्यापुढचा, विमा देत नाही असा खर्च दोघांत वाटला जातो. दाताच्या तारांचं बिल म्हणूनच जपून ठेवायचं.

मूल त्याच्याकडे वर्षाच्या २८ टक्के रात्री, म्हणजे आठवड्याला सरासरी दोन रात्री राहत असेल, तर वेगळा तक्ता लागतो आणि रक्कम कमी होते. या 'रात्री'वरून होणारी भांडणं मी फार पाहिली. ज्याने वर्षभर मुलाला न्यायला तोंड दाखवलं नाही, तो हिअरिंगच्या आदल्या महिन्यात एकाएकी दोन रात्री मागतो. कॅलेंडरवर खुणा करत जा.

आपल्या घरांतले दोन-तीन हट्टाचे मुद्दे इथेच निकालात काढते. "मी आई-वडिलांना दरमहा पैसे पाठवतो" आणि "मी वाकडच्या फ्लॅटचा हप्ता भरतो": या दोन्हींची वजावट तक्त्यात नाही. फोर-ओ-वन-केमध्ये स्वखुशीने टाकलेले पैसेही वजा होत नाहीत. उलट बोनस, कंपनीचे शेअर आणि त्याच वाकडच्या फ्लॅटचं भाडं उत्पन्नात येतं. दोघांची कमाई तक्त्याच्या वर गेली, जे आयटीतल्या जोडप्यांत होतं, तर वरच्या भागाचं न्यायाधीश मुलाच्या गरजा पाहून ठरवतात. कोर्टाच्या वेबसाइटवर हिशोब करून देणारं कॅल्क्युलेटर आहे. जायच्या आधी एकदा स्वतःचे आकडे त्यात घालून बघा, म्हणजे समोरून आलेला आकडा गिळण्यासारखा आहे की नाही ते कळतं.

पैसे यायला लागतात ते कसे

ऑर्डर झाली की केस वसुलीसाठी 'प्रोबेशन'कडे, म्हणजे एरवी शिक्षा झालेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याकडे, जाते. या शब्दाने आमच्या सासरी हाहाकार उडाला होता. "तिने त्याला गुन्हेगार ठरवला" अशी बातमी कोल्हापुरापर्यंत पोचली. न्यू जर्सीत खर्चाची वसुली याच खात्याकडे असते, गुन्ह्याशी तिचा संबंध नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पगार कापण्याची नोटीस मालकाला जाते. त्याने पैसे थकवलेत म्हणून ती जाते असं नाही. १९९४ पासूनच्या ऑर्डरींना पगारातून कपात हाच नेहमीचा मार्ग आहे. मालकाने कापलेले पैसे सात कामाच्या दिवसांत राज्याच्या ट्रेंटनच्या पैसे जमा करणाऱ्या केंद्राकडे पाठवायचे आणि केंद्राने मिळाल्यापासून दोन कामाच्या दिवसांत तुमच्याकडे. खात्यात थेट जमा किंवा डेबिट कार्ड, तुम्ही निवडायचं. खातं फक्त तुमच्या नावाचं असू द्या. जुन्या जॉइंट खात्याचा नंबर सवयीने लिहिणारी एक तरी बाई दरवर्षी भेटते.

पहिला पैसा यायला काही आठवडे लागतात. तोवर त्याने थेट केंद्राला भरायचं असतं. झेल ॲपने तुम्हाला पाठवलेलं किंवा हातात दिलेलं प्रोबेशनच्या वहीत चढत नाही. त्यामुळे त्याची थकबाकी दिसते आणि तुमच्यावर खोटेपणाचा आळ येतो. नम्रपणे सांगा, "केंद्रात भर."

हिशोब आठवड्याचा असतो, पगार आठवड्याचा नसतो. आठवड्याला २०० म्हणजे महिन्याला ८०० नव्हेत, वर्षाचे १०,४०० भागिले बारा, म्हणजे सुमारे ८६७. त्याचा पगार दर दोन आठवड्यांनी होत असेल तर ४०० येतील, महिन्यातून दोनदा ठरलेल्या तारखांना होत असेल तर ४३३. रक्कम बदलली म्हणून घाबरून फोन करण्याआधी ही भागाकाराची बेरीज-वजाबाकी करून बघा. घरभाड्याची तारीख मात्र या पैशांवर पहिले दोन महिने तरी टाकू नका.

थांबले तर

आधी वेबसाइटवर नोंदी पाहा, मग फोन. बहुतेकदा नोकरी बदललेली असते आणि नव्या मालकाला नोटीस पोचायची असते. नवं नाव कळलं असेल तर तुम्हीच कळवा, आठवडे वाचतात. पगारातून किती कापता येतं याला केंद्र सरकारची मर्यादा आहे: त्याचं दुसरं कुटुंब असेल तर हाती येणाऱ्या पगाराच्या ५० टक्के, नसेल तर ६०, आणि बारा आठवड्यांहून जुनी बाकी असेल तर आणखी ५.

थकबाकी साचली की यंत्रणेचे बाकीचे हात चालू होतात. केंद्र सरकारचा टॅक्स रिफंड अडवला जातो (साधारण केसमध्ये बाकी ५०० डॉलर झाली की), बँकखात्यावर टाच येते, क्रेडिटवर डाग पडतो, सहा महिन्यांची बाकी झाली की लायसन्स जाऊ शकतं, लॉटरी लागली तर तीही वळते. अपघाताच्या दाव्यात २,००० डॉलरच्या वर हाती पडणार असतील तर पैसे देण्याआधी वकिलाला चाइल्ड सपोर्टची बाकी तपासावी लागते. बाकी २,५०० च्या वर गेली तर अमेरिकन पासपोर्ट मिळत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला ही शेवटची कळ लागत नाही, आणि आपल्या बऱ्याच केसेसमध्ये तीच अडचण आहे.

स्वतःचा धंदा करणारा किंवा कंत्राटावर पैसे घेणारा माणूस सगळ्यात निसरडा. कापायला पगारच नसतो. तिथे बँका, गिऱ्हाइकं आणि टॅक्स रिटर्न यांची तुम्ही जमवलेली माहितीच उपयोगी पडते.

एक काम कधीही करू नका: पैसे नाहीत म्हणून मुलाला त्याच्याकडे पाठवणं बंद करणं. भेट आणि पैसा कोर्टाच्या दृष्टीने दोन वेगळी खाती आहेत. त्यानेही "भेटू देत नाही म्हणून देत नाही" म्हणायची सोय नाही.

तो भारतात निघून गेला तर

गेला म्हणून ऑर्डर मरत नाही. बाकी चढत राहते आणि झालेली बाकी मागे जाऊन कुणी पुसू शकत नाही. पण वसूल कशी करायची? मुलांच्या खर्चाच्या वसुलीसाठी २००७ चा हेग करार आहे. अमेरिकेत तो २०१७ पासून लागू आहे, भारत त्यात नाही. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ४४-अ कलमाखाली काही देशांचे हुकूमनामे थेट बजावता येतात, त्या यादीत अमेरिका नाही. म्हणून न्यू जर्सीची ऑर्डर पुण्याच्या कोर्टात नेऊन "बजावा" म्हणता येत नाही. त्या निकालाच्या आधारे नवा दावा लावावा लागतो, किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ आधीच्या १२५ च्या जागी आलेल्या कलमाखाली, मुलासाठी स्वतंत्र अर्ज. तो जिथे राहतो तिथल्या कोर्टात हा अर्ज चालतो. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने दोन्ही बाजूंना मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं सांगितलं. म्हणजे तारखेचं महत्त्व तिकडेही तेच. बायकांना आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे तो जाण्याच्या आधी जागं असणं. सामान विकायला काढलं, गाडी विकली, लीज संपवली असं कानावर आलं की प्रोबेशनला आणि वकिलाला लगेच कळवा. फोर-ओ-वन-के आणि बँकेतला पैसा अमेरिकेतच असतो. कोर्टाच्या खास आदेशाने फोर-ओ-वन-केमधूनही मुलाचा खर्च काढता येतो. विमान उडाल्यावरही काढता येतो, पण तो स्वतः पैसे काढून घेऊन गेला नसेल तरच.

उलट प्रसंगही असतो: तुम्ही आणि मूल नाशकात, तो न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये. भारतासारख्या करार नसलेल्या देशातून आलेला अर्ज घ्यायचा की नाही, हे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्याने राज्याच्या मर्जीवर सोडलं आहे. विचारून बघा. नाही म्हणाले तर तो राहतो त्या राज्याच्या कोर्टात वकिलामार्फत थेट अर्ज करता येतो, त्याला एजन्सीची परवानगी लागत नाही.

त्याची नोकरी गेली तर

हा परिच्छेद देणाऱ्यांसाठी. लेऑफ झाला, एच-वनवाल्याला दुसरी नोकरी शोधायला मिळणारे ६० दिवस सुरू झाले, डोकं ठिकाणावर नाही, सगळं मान्य. तरी त्या आठवड्यात रक्कम कमी करण्याचा अर्ज कोर्टात टाका. १९८६ पासूनचा केंद्र सरकारचा नियम असा आहे की साचलेली बाकी मागच्या तारखेने कमी करता येत नाही. सहा महिन्यांनी नोकरी लागल्यावर "तेव्हा पगारच नव्हता" म्हणून न्यायाधीशांपुढे रडलेले दोन भले गृहस्थ मी पाहिले. न्यायाधीशांना सहानुभूती होती, अधिकार नव्हता.

घेणाऱ्यालाही दर तीन वर्षांनी फेरविचार मागता येतो, आणि परिस्थिती मोठी बदलली तर मधेही. महागाईप्रमाणे दर दोन वर्षांनी न्यू जर्सीत रक्कम आपोआप थोडी सरकते. त्याचं पत्र येतं, ते कचऱ्यात टाकू नका.

एकोणिसावं वर्ष

न्यू जर्सीत मूल १९ वर्षांचं झालं की ऑर्डर आपोआप संपते. पूर्णवेळ कॉलेज, अजून चालू असलेली हायस्कूल किंवा अपंगत्व असेल तर २३ पर्यंत लांबवता येते, पण तशी मागणी तुम्हाला वेळेत करावी लागते. आधी १८० दिवस आणि मग ९० दिवस शिल्लक असताना नोटीस येते, तिच्याबरोबर मुदतवाढीचा फॉर्म असतो. कॉलेजच्या प्रवेशाचा कागद जोडून तो परत पाठवायचा. ऑर्डर संपली तरी जुनी थकबाकी संपत नाही, तिची वसुली चालू राहते.

या नोटिशी प्रोबेशनकडे नोंदलेल्या शेवटच्या पत्त्यावर जातात. अपार्टमेंट बदललंत की शाळेला आणि बँकेला ज्या दिवशी कळवाल, त्याच दिवशी प्रोबेशनलाही कळवा.